तीन वेळा रिकामी झालेली पिशवी

१

कागद एकच होता. माझी बायको धम्मशीला दवाखान्यात असताना तिच्या अंगात किती पाणी गेलं आणि किती लघवी बाहेर आली, त्याची त्यावर नोंद होती. लघवी नळीतून खाटेला टांगलेल्या पिशवीत जमायची. सोमवारी संध्याकाळी तीनशे मिली. मंगळवारी सकाळी सातला दीडशे. तिथून पुढं आकडे बंद. मंगळवारी दुपारी चारला लिहिलं होतं, 'पिशवी रिकामी केली'. रात्री दहाला तेच. बुधवारी सकाळी सहाला तेच. तिन्ही ओळींपुढं सिस्टर निकिताची सही; दुपारची आणि रात्रीची, दोन्ही पाळ्या तिच्याकडंच होत्या.

बुधवारी दुपारी धम्मशीलेला गुंगी आली. रक्त तपासलं आणि घाईघाईनं नांदेडला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, तिला बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांच्या किडन्या काल सकाळपासूनच बंद पडल्यात. चोवीस तासांत लघवी झालेलीच नसणार." गुरुवारी ती गेली.

मग जी लघवी झालीच नाही, ती तीन वेळा ओतली कुणी?

मी रागात अर्ज लिहिला. सिस्टरनं न बघता खोटं लिहिलं, असा. परभणीतला तो दवाखाना एका ट्रस्टचा आहे. त्यांनी निकिताला घरी बसवलं आणि चौकशी लावली. दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी ती चौकशी होणार होती. अर्ज खरा ठरला तर त्या पोरीची कंत्राटी नोकरी जाणार, हे मला ट्रस्टच्या पत्रातूनच कळलं.

मी ताडकळसला ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होतो. टाकीची पातळी रोज वहीत लिहायची असायची. टाकीवर न चढता वही भरणारी माणसं मी खूप बघितली. त्यांची एक खूण असते. त्यांच्या वहीत आकडा कधी चुकत नाही. खोटं लिहिणारा आधी आकडा लिहितो, कारण आकडा बघितला की साहेब पुढचं विचारत नाही.

चौकशीला तीन दिवस राहिले असताना, दुपारी मी तो कागद परत काढला. या पोरीला खोटंच लिहायचं होतं तर 'दोनशे मिली' लिहायला काय झालं होतं? तिनं आकडा का लिहिला नाही?

मी चपला घातल्या आणि परभणीची बस धरली.

२

डॉक्टर शुभदाबाई वयानं माझ्या पोराएवढ्या. त्याच वॉर्डाच्या डॉक्टर. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "भांडायला आलो नाही. मला एवढंच समजून सांगा, की किडनी बंद पडते म्हणजे काय होतं."

त्यांनी दोन्ही हातांच्या मुठी मिटून माझ्यापुढं धरल्या. "एवढ्या दोन असतात, काका. दिवसाला जवळजवळ एकशेऐंशी लिटर पाणी गाळतात. त्यातलं दीड लिटर घाणीसकट बाहेर सोडतात. बाकीचं सगळं शरीराला परत देतात."

"एकशेऐंशी?"

"रोज."

म्हणजे बारा घागरी. गावाला पाणी गाळून द्यायला आम्हाला वाळूचे थर, तुरटी, पंप आणि सहा माणसं लागायची, तरी पावसाळ्यात गढूळ पाणी जायचं आणि लोक शिव्या द्यायचे. धम्मशीला भाकरी थापताना, कापूस वेचताना, माझ्यावर रुसून पाठ फिरवून झोपलेली असताना रोज बारा घागरी गाळत होती. कुठं आवाज नाही. चाळीस वर्षं मी तिच्याशेजारी राहिलो आणि मला पत्ता नव्हता. मी बराच वेळ त्या मुठींकडं बघत बसलो.

बाई पुढं सांगत गेल्या. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं. त्यात गुडघेदुखीच्या गोळ्या ती आठवडाभर घेत होती. दोन्ही मिळून किडनीवर ताण आला.

"असं पुष्कळांना होतं," त्या म्हणाल्या. "वेळेत लक्षात आलं तर बहुतेक वेळा किडनी परत चालू होते. तेच याचं आश्चर्य आहे. पण दुखत काही नाही. लघवी कमी होणं हीच तिची हाक. सहा तास लघवी नाही, एवढं मंगळवारी दुपारी कळलं असतं तर मी लगेच रक्त तपासलं असतं, औषधं बदलली असती."

"मग कळलं का नाही?"

त्यांनी माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "सकाळचे दीडशे. रात्रभरात दीडशे म्हणजे कमीच. मी तिथं थांबायला हवं होतं. पण राउंडला येऊन 'रिकामी केली, रिकामी केली' असं वाचलं आणि पुढं गेले. चौकशीत हे मी सांगणार आहे."

"निकितानं खोटं लिहिलं असं तुम्हाला वाटतं का?"

"ती दोन वर्षं माझ्याबरोबर आहे. ती खोटं लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण घरी बसवायच्या आधी ट्रस्टनं तिला बोलावून विचारलं, पिशवी कुणी रिकामी केली? तर ती गप्प. एक अक्षर बोलली नाही. ती कुणालातरी वाचवतेय, काका."

३

वॉर्डात चाळीस खाटा आणि सफाईला एक पंचफुलाबाई. मी जिन्यात गाठली तेव्हा ती बादली घेऊन उतरत होती.

"तुमीच ना अर्जवाले?" ती थांबली नाही. "तुमच्या अर्जानं आमची पोरगी घरी बसली. आता मला कुठं बसवायलात?"

"कुठं नाही. मला एक सांग बाई. माझ्या मालकिणीची पिशवी तू ओतलीस का?"

"मंगळवारी सकाळी सातला. मापाच्या मगात घेतली, दीडशे भरली, सिस्टरला दाखवली. त्याच्यानंतर हात लावला न्हाई."

"का?"

"चाळीस खाटा अन् म्या एकटी. ज्याचं माणूस त्यो ओततो. तुमच्या खाटेवर तर कवा बी पाहा, पिशवी रिकामी. म्या म्हणलं, लय चांगले लोक हायेत, माझ्यावर काही ठेवीत न्हाईत." तिनं बादली खाली ठेवली. "अन् त्या दिवशी ओतायची म्हणजे सोपं व्हतं का? वरचा संडास तुंबलेला. मंगळवारी अकराला कुलूप घातलं, ते बुधवारी दुपारी काढलं. सगळं खाली न्यावं लागायचं. दोन जिने. बादली एकच, ती माझ्यापाशी. तीन नंबरची नेली, नऊ नंबरची नेली. तुमची न्हाई नेली."

कुलूप मला आठवलं. त्या दुपारी मी स्वतः त्या दारापुढं उभा राहून मनात म्हणालो होतो, की मागच्या चेंबरमध्ये अडकलं असणार.

"तुझ्याशिवाय कुणी मापाचा मग घेऊन जिना उतरताना दिसलं का? आमच्यापैकी?"

"न्हाई. खाली वॉचमन बसतो, त्यो अडवतो अन् मला हाक मारतो." ती बादली उचलून दोन पायऱ्या उतरली आणि मग वळून बोलली. "निकिता न बघता लिहीत न्हाई, भाऊ. दर टायमाला खाटेपाशी येऊन इचारायची, पिशवी कुणी रिकामी केली म्हणून. म्या ऐकलंय."

"कुणाला विचारायची?"

पंचफुलाबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच उत्तर मिळायला हवं होतं. "तुमच्याच माणसायला," ती म्हणाली. "घरी जाऊन इचारा."

४

घरी धम्मशीलेच्या मागं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापासून तिची थोरली बहीण केशरबाई राहिलेली होती. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आणि माझी सून राजेश्री. दवाखान्यात पाळ्या आम्ही तिघांनीच केल्या होत्या. त्या मंगळवारी सकाळी आठ ते दोन आक्का. दोन ते रात्री नऊ मी. नऊपासून सकाळपर्यंत राजेश्री.

पाण्याची गळती कुठं आहे ते कळत नसलं की एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं असतं. ज्या व्हॉल्व्हला पातळी पडायची थांबते, तिथं गळती. मी दोघींना समोर बसवलं.

"आक्का, तुमच्या पाळीत तुमी पिशवी किती वेळा ओतली?"

"म्या?" आक्का म्हणाली. "एकदा बी न्हाई. रिकामीच व्हती की. मला वाटलं सफाईवाली मावशी येऊन वतून गेली. अन् म्या गुडघ्याची मेलेली, दोन जिने उतरून कुठं जाणार? तुमीच मला सकाळी धरून वर नेलं, अन् इसरले."

"आणि त्या पिशवीला लुगड्याचा तुकडा कुणी गुंडाळला होता?"

"म्या. बाईमाणसाची लघवी जाणाऱ्यायेणाऱ्यानं कामून बघावी? काय लाज-शरम हाय का न्हाई?"

ते खरं होतं. तो तुकडा उचलल्याशिवाय पिशवी दिसत नव्हती. आम्ही कोपरा उचलायचो, रिकामी बघायचो आणि परत झाकायचो.

"राजेश्री, तू?"

"न्हाई मामा. मी आले तवा रिकामीच होती. माझ्या आधी तुमीच होता, मला वाटलं तुमी जाताना साफ करून गेले." ती घुटमळली. "दहाला सिस्टरनं इचारलं, तर मी तसंच सांगितलं. मामांनी केली म्हणून."

"आणि सकाळी?"

"मी साडेपाचला थर्मास घेऊन खाली चहाला गेले होते. वर आले तर पिशवी रिकामी. मी म्हणलं, मावशी येऊन गेली असंल. सिस्टरला तेच सांगितलं."

"चहाला गेलीस तेव्हा पिशवी भरलेली होती का?"

राजेश्रीनं आक्काकडं बघितलं. मग म्हणाली, "बघितलीच न्हाई, मामा."

आमच्या घराची एक रीत आहे. धम्मशीलेनंच घातलेली. जाणाऱ्यानं मागं घाण ठेवून जायचं नाही, येणाऱ्याच्या हाताला सगळं साफ मिळालं पाहिजे. म्हणून पिशवी रिकामी दिसली की आधीचा माणूस रीतीनं वागला, एवढंच आमच्या मनात यायचं. त्याबद्दल विचारणंसुद्धा आगाऊपणा वाटला असता.

"मामा, अजून एक हाय," राजेश्री हळू बोलली. "बुधवारी पहाटं आत्याच्या हातातल्या बांगड्या लय घट्ट झाल्या होत्या. मला वाटलं, सलाईननं अंग भरलं, जरा तरतरी आली. मला बरंच वाटलं."

मी डोळे मिटून घेतले. दोन दिवस बाटलीमागून बाटली आत चालली होती. बाहेर काही येत नव्हतं. गळती नव्हतीच. पाणी सगळं तिच्यातच होतं.

पण चारच्या नोंदीचं काय? त्या वेळी खाटेपाशी मी होतो. आक्कानं माझ्या मनातलं आधीच ओळखलं.

"आमाला इचारायलाव," ती म्हणाली. "चार वाजता तिनं कुणाला इचारलं व्हतं?"

५

निकिता परभणीतच भावाकडं राहते. दार भावानं उघडलं, नाव ऐकलं आणि तो दारातच आडवा उभा राहिला. आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना."

तिनं मला पाणी दिलं. ती पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. माझ्यासमोर बसली, पण माझ्याकडं बघत नव्हती.

"मंगळवारी चारला तू खाटेपाशी आलीस," मी म्हणालो.

"हो काका."

"आणि मला विचारलंस, पिशवी कुणी रिकामी केली."

तिनं पाण्याचा पेला माझ्याजवळ सरकवला.

"मी काय म्हणालो?"

"तुम्हाला आठवतंय काका," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही आला नसता."

घरून निघाल्यापासून मला ते आठवत होतं. मी मान वर न करता म्हणालो होतो, "आमच्या आक्कानं केली." मी काही बघितलं नव्हतं. मला उशीर झाला होता. दोनऐवजी मी अडीचला पोचलो होतो आणि आक्काला माझ्या वाट्याचं काम करावं लागलं असं वाटून मला ओशाळं झालं होतं. म्हणून ते तेवढं चटकन बोलून मोकळा झालो.

"अन् ही शहाणी तिथं तोंड शिवून बसली," भाऊ दारातून म्हणाला. "मी म्हणलं, सांगून टाक, त्यायनंच चुकीचं सांगितलं. तर म्हणते, न्हाई."

"तू गप रे," ती त्याला म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मी सांगितलं असतं तर ट्रस्टनं लगेच लिहिलं असतं, नातेवाइकांची चूक. फाईल बंद. आणि तुम्हाला जन्मभर वाटत राहिलं असतं की माझ्या एका शब्दानं ती गेली. आणि ते खरंही नाही, काका. विचारून लिहिणं माझं काम नव्हतं. मोजून लिहिणं माझं काम होतं. मोजायला काही नव्हतं, म्हणून मी आकडा लिहिला नाही. तिथंच मला कळायला हवं होतं. ते मला रोज आठवतं."

मी एवढा अर्ज लिहिला, खोटारडी म्हणालो, आणि ही पोरगी माझं ओझं नोकरी देऊन उचलायला निघाली होती. ओळख ना पाळख. माणूस असं करतो, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर पान उलटलं असतं.

"शुक्रवारी मी बोलणार आहे," मी म्हणालो.

"नका बोलू."

"तू मला वाचवलंस तेवढं पुरे झालं."

६

चौकशीला ट्रस्टचे सेक्रेटरी दत्तराव मधे बसले होते. शेजारी शुभदाबाई आणि एक कारकून. निकिता भिंतीकडेला.

मी त्यांना पाळ्या सांगितल्या, कुलूप सांगितलं, जिने, बादली, लुगड्याचा तुकडा, बांगड्या सगळं सांगितलं. मग म्हणालो, "साहेब, रिकामी टाकी दोन कारणांनी रिकामी असते. कुणी तरी सोडून दिली, नाहीतर तिच्यात पाणी आलंच नाही. आम्ही दिवसभर पहिलंच कारण धरून चाललो. आक्काला वाटलं मावशीनं ओतली. मला वाटलं आक्कानं. राजेश्रीला वाटलं मी. मावशीला वाटलं आम्ही. आम्ही सांगितलं ते सिस्टरनं लिहिलं, तिनं लिहिलं ते डॉक्टरांनी वाचलं. खोटं कुणीच बोललं नाही. आम्ही एकमेकांना चांगली माणसं समजत होतो, त्यात ती गेली."

कारकुनानं कोरा कागद पुढं ओढला.

दत्तराव म्हणाले, "म्हणजे नातेवाइकांनी चुकीची माहिती दिली, असं लिहू?"

"सगळ्यांची नावं लिहा. पहिलं माझं."

"अर्जदाराचं नाव दोषी म्हणून कसं लिहिणार? तसा रकानाच नाही."

"मग रकाना आखा."

दत्तराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि शुभदाबाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "दुसरं नाव माझं लिहा. सकाळचे दीडशे मी वाचले होते." मग निकिता उभी राहिली. ती काही बोलायच्या आत दत्तरावांनी तिला हातानं बसवलं आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा. सिस्टरनं खोटी नोंद केलेली नाही. सोमवारपासून कामावर." कारकून लिहू लागला तसं ते शुभदाबाईंना म्हणाले, "आणि हे परत होऊ नये म्हणून काय करायचं, ते तुम्ही सांगा. आज, इथंच."

बाईंनी तिथंच सांगितलं. पिशवी वॉर्डाच्या माणसाशिवाय कुणी ओतायची नाही. दर सहा तासांनी मोजायची. काही आलं नसेल तर शून्य लिहायचं आणि त्याच मिनिटाला डॉक्टरला बोलवायचं.

७

जुलैच्या शेवटी निकिताचा फोन आला. "काका, येता का? पेडगावचं कुटुंब आहे. मेंढरंवाले. आई जुलाबांनी आलीय. पिशवी तिला ओतू देत नाही म्हणून पोरगी भांडतेय. तुम्ही समजावलं तर ऐकेल."

मी पोचलो तेव्हा भांडण संपलेलं होतं. अंबाबाई नावाची म्हातारी खाटेवर पडून होती, उशाशी तिची लेक रुपाली. आदल्या दुपारी सहा तासांनंतर पिशवी कोरडी होती. रुपाली म्हणाली होती, भावानं ओतली असेल. निकितानं भावाला शेतातून फोनवर बोलवून घेतलं. त्यानं हात लावला नव्हता. मग शून्य लिहिलं. शुभदाबाई धावत आल्या, नळी तुंबली नाही ना ते बघितलं, रक्त पाठवलं, दुखण्याचं इंजेक्शन बंद केलं, पाणी किती द्यायचं ते बदललं. तेव्हापासून सगळे वाट बघत होते.

"आमचा कोंडवाडा केलाय यायनी," रुपाली मला म्हणाली. "हात लावू देत न्हाईत, अन् सारखं तिथंच बघायलेत. काय बघायलेत म्हणावं त्या नळीत?"

"बघ तूही," मी म्हणालो.

मी खाली वाकलो. पिशवी उघडी होती. नळीच्या तोंडाशी काही तरी चमकलं. एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. रुपाली बोलायची थांबली. शेजारच्या खाटेवरचा माणूस कोपरावर उठून बघू लागला. पंचफुलाबाई बादली घेऊन दारातच उभी राहिली. अंबाबाईला काही माहीत नव्हतं, ती झोपेत तोंड हलवत होती, आणि तिच्या आत ती दोन मुठींएवढी माणसं परत कामावर आली होती. मी फरशीवरच बसलो. तिसऱ्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं.

तासाभरानं निकितानं पिशवी मापाच्या मगात ओतली. तो मग तिनं डोळ्यांच्या रेषेत धरला. "चाळीस," ती म्हणाली.

"एवढंसं?" रुपालीनं विचारलं.

निकितानं पेन काढलं, आणि लिहिण्याआधी तो मग रुपालीच्या हातात दिला. "धर," ती म्हणाली, "आणि तू वाच."